पांढऱ्या लेबलची तबकडी

मित्रांनो, मी गाण्याची एक जुनी काळी तबकडी आहे आणि माझ्या पोटावर नाव नाही. दुकानातल्या तबकड्यांच्या मधोमध रंगीत गोल कागद असतो. त्यावर वाजवणाऱ्यांची नावं असतात, कंपनीचं चिन्ह असतं. माझ्या मधोमध नुसता कोरा पांढरा कागद आहे, कारण मला विकायला बनवलंच नव्हतं. मी नमुना आहे. ढिगाने छापण्याआधी कंपनी मोजक्याच तबकड्या काढते आणि वाजवणाऱ्यांच्या हातात देऊन म्हणते, ऐका, काही खटकलं तर आत्ताच सांगा. काम झाल्यावर हे नमुने परत घेतात आणि वितळवतात. माझ्या बरोबरीच्या सगळ्या तशाच गेल्या. मला घरी नेणारा माणूस मला परत द्यायला विसरला. मुद्दाम विसरला, ते पुढे येईलच.

एक आधीच सांगून ठेवते. मला फारसं काही वाटत नाही. रडारड ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठलात तरी माझी हरकत नाही. सुई टेकली की बोलायचं आणि उचलली की गप्प बसायचं, एवढंच आम्हाला येतं. पण माझ्यात एक शब्द भरलेला होता, जो दुसऱ्या कुठल्याही तबकडीत नव्हता. एकच शब्द, तोही दोन अक्षरी. त्याच्यापायी मला ही सगळी हकीकत सांगावी लागते आहे.

माझ्यात जो ड्रम वाजतो, तो वाजवणारा माणूस एका नावाजलेल्या रॉक बँडमध्ये होता. त्याला सगळे घण्या म्हणायचे. घण घालावा तसा तो वाजवायचा. त्याच्या काठ्या मोडायच्या, ड्रमची कातडी फाटायची, आणि लोक आणखी जोरात ओरडायचे. पोरं त्याला बघून रस्ता सोडायची, इतका त्याचा दरारा. घरात मात्र तो धाकटा होता. त्याची थोरली बहीण, ताई, लहान मुलांना पियानो शिकवायची, सकाळी शाळेत आणि दुपारनंतर घरी. दिवसभर मुलांना शिकवून तिला एक सवय जडली होती. वाजवताना ती तोंडातल्या तोंडात बोलायची. मात्रा मोजायची, बोटांना दटावायची. आपण बोलतोय हे तिच्या गावीही नसायचं.

एकदा त्या बँडच्या गायकाचा घसा बसला. डॉक्टरांनी त्याला तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं आणि सगळा बँड घरी बसला. घण्या ताईकडे येऊन टेबल बडवत बसायचा. बशा हलायच्या, कपांचे कान उडायचे.

"हात शिवशिवतायत ना? मग ये इकडे," ताई म्हणाली. "मी काही रचून ठेवलंय. सात मात्रांचं आहे, एक अकराचंही आहे."

"सात? ताई, यावर लोक नाचणार कसे? सातव्याला पाय अधांतरीच राहतो."

"बसून ऐकतील. माणसं बसूनही ऐकतात म्हटलं."

असं ते सुरू झालं. त्यात जॅझ होतं, रॉक होतं आणि दोन्ही एकमेकांत असं कालवलं होतं की पुढे दुकानदारांना ते कुठल्या कप्प्यात ठेवायचं हेच कळेना. ताईने इलेक्ट्रिक पियानो धरला. बेस गिटारला त्यांचा एक उंच, अबोल मित्र आला. त्याला लंबू म्हणायचे. बँडला मिळालेली उसंत म्हणून अल्बमचं नावही त्यांनी 'उसंत' असंच ठेवलं.

ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाचं नाव चष्मा पडलं होतं, कारण कपाळावर एक आणि नाकावर एक असे दोन चष्मे तो कायम बाळगायचा. रॉकची तबकडी करताना प्रत्येकाला वेगवेगळ्या खोलीत कोंडायचं आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा घ्यायचा, अशी त्याची रीत होती. ताई ऐकेना.

"मला याचं तोंड समोर दिसलं पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर हा कुठे पळत सुटेल, पत्ता लागायचा नाही."

"एका खोलीत बसलात तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये सांडेल," चष्मा म्हणाला. "नंतर वेगळा काढता येणार नाही. मग मला बोल लावायचा नाही, सांगून ठेवतो."

"सांडू द्या," ताई म्हणाली.

ते एका खोलीत बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. शेवटचा तुकडा सात मात्रांचा होता. त्यात घण्याने काठ्या खाली ठेवून तारांचे ब्रश हातात घेतले होते. ब्रश कातड्यावर फिरवायचा असतो, मारायचा नसतो, आणि हे त्याला जड जात होतं. मधे एका जागी पियानो अगदी बारीक होतो. तिथे त्याच्या हातांनी दगा दिला. जोर काढता येईना म्हणून हात वेग काढू लागले. तो पुढे पळाला. लंबू गोंधळला. आणि ताई पियानोवरची बोटं न थांबवता म्हणाली, "हळू."

ती ओरडली नाही, चिडलीही नाही. रोज मुलांना सांगायची तशीच म्हणाली. पहिलं अक्षर पटकन, दुसरं जरा लांबवून. घण्याचे हात तिथल्या तिथे सावरले. तो तुकडा त्यापुढे असा काही उतरत गेला की काचेपलीकडे चष्म्याने दोन्ही चष्मे काढून ठेवले.

संपल्यावर तो म्हणाला, "फार सुंदर झालं. फक्त मधे ते 'हळू' आलंय."

ताईने जीभ चावली. त्यांनी तो तुकडा पुन्हा वाजवला. या वेळी कोणी पळालं नाही, कोणी बोललं नाही, आणि त्यात काही जीवही नव्हता. आणखी एकदा वाजवला, तोही तसाच. शेवटी पहिलाच ठेवायचा ठरला.

मग माझा जन्म झाला. त्यात सांगण्यासारखं फार नाही. काळ्या प्लास्टिकचा एक मऊ गरम गोळा घेतात, दोन साच्यांमध्ये ठेवतात आणि दाबतात. कडा कापतात. थंड झालं की झालं. माझ्या अंगावर केसाएवढी बारीक रेघ काठापासून पोटापर्यंत गोल गोल गेली आहे. सगळं गाणं त्या रेघेत आहे, आणि तिच्या शेवटाकडे, पोटाजवळ, तो शब्द होता.

मला पहिल्यांदा ताईच्या घरी वाजवलं. ताई होती, घण्या होता, लंबू खिडकीत बसला होता. ताईची लेक तेव्हा शाळेत गेली होती. 'हळू' आलं तसे दोघं पुरुष हसले, आणि ताईने कपाळाला हात लावला.

"काढून टाका बाई तो. शाळेतल्या मुली मला वर्षभर चिडवतील."

"राहू दे गं," घण्या म्हणाला. "तेच तर सगळ्यात चांगलं आहे."

"नाही. लोक तुला घाबरतात, तर घाबरू देत. तू माझा शेंडेफळ भाऊ आहेस हे जगजाहीर कशाला करायचं? हे घराबाहेर जायचं नाही. शब्द दे."

"दिला."

चष्म्याला तो शब्द वेगळा काढता येईना. त्याने आधीच सांगितलं होतं तसंच झालं, तो सगळ्यांच्याच माईकमध्ये सांडला होता. म्हणून त्याने त्या जागी क्षणभर सगळाच आवाज मिटवला. विकायच्या तबकड्या तशा छापल्या. माझं काम संपलं होतं, पण घण्याने मला जाकिटाच्या आत घातलं आणि कंपनीला सांगितलं की नमुना कुठे गेला कोण जाणे.

'उसंत' काही चालली नाही. घण्याचे चाहते गडगडाट ऐकायला मिळेल म्हणून घेऊन गेले आणि ब्रशची खसखस ऐकून परत द्यायला आले. जॅझवाल्यांनी रॉकवाल्याची म्हणून हात लावला नाही. एका समीक्षकाने मात्र तोंड भरून स्तुती केली. शेवटच्या तुकड्यात संगीत क्षणभर श्वास रोखतं आणि मग अनपेक्षितपणे संथ होतं, हा रचनाकाराचा अत्यंत धाडसी विचार आहे, असं त्याने लिहिलं. ताईने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"धाडसी विचार म्हणे. माझा भाऊ पळत सुटला होता हो."

त्यानंतर गायकाचा घसा सुधारला आणि बँड पुन्हा उभा राहिला. मी घण्याच्या कपाटात, कोऱ्या पाकिटात उभी राहिले. काही वर्षं मला कोणी हात लावला नाही. तक्रार नाही. तो घरी असला की ताई कधी कधी यायची, तेव्हा त्यांची बोलणी ऐकू यायची. "कानात बोळे घालत जा रे," ती म्हणायची. "बोळे घातले तर वाजतंय काय ते कळणार कसं?" तो म्हणायचा. दर वेळी हेच.

मग ताईला दुखणं आलं आणि ती गेली. घण्या दौऱ्यावर होता, तो धावतपळत आला. आल्यावर त्याने माणसांना पाणी दिलं, खुर्च्या लावल्या, सगळे गेल्यावर कप विसळले आणि ताईची लेक तिच्या बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती तिच्यावर पांघरूण घातलं. तो रडला नाही. घट्ट काळजाचा आहे, असं लोक म्हणाले. तो घट्ट वगैरे काही नव्हता. त्याला काही वाटतच नव्हतं. मी हे ओळखते, कारण मीही तशीच आहे.

थोड्या दिवसांनी त्याने मला कपाटातून काढलं. अख्खी वाजवली नाही. सुई हातात धरून अंदाजाने पोटाजवळ ठेवली. ब्रश फिरले, वेग वाढला, आणि ताई म्हणाली, "हळू." त्याने सुई उचलली, मागे ठेवली, पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे ठेवली.

"काहीच होत नाही मला," तो म्हणाला. खोलीत त्याच्याशिवाय मीच होते.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा ऐकलं, आणि मग रोजच. सकाळी उठला की चहा ठेवायच्या आधी तो मला लावायचा. आपल्याला कधीतरी काहीतरी वाटेल, याची तो वाट बघत असावा.

आता ऐका. ड्रम वाजवणाऱ्या माणसाला गप्प बसून ऐकता येत नाही. हात मांडीवर चालतात आणि उजवा पाय फरशीवर आपटतो, कारण तो पाय आयुष्यभर मोठ्या ड्रमचा खटका दाबत आलेला असतो. त्याचा पाय आपटला की जमीन हादरायची, टेबल हादरायचं आणि सुई उडायची. ती नेमकी त्या शब्दाजवळ आली की उडायची, कारण तिथेच त्याचा पाय जोरात पडायचा. दुसरा कोणी असता तर पाय आवरला असता. घण्याला पाय आवरणं सुचलंच नाही. त्याने झांजेच्या स्टँडवरचा एक जाड पितळी नट काढला आणि सुईच्या दांड्यावर चिकटवून टाकला. सुई उडायची थांबली. आपण मोठी शक्कल लढवली असं त्याला वाटलं.

मित्रांनो, सुई हिऱ्याची असते आणि मी प्लास्टिकची आहे. नुसती सुई फिरली तरी मी जराशी घासते. त्यावर नटाचं वजन, आणि रोज, आणि त्याच त्या जागी. दुखत नाही. आधी त्या शब्दाची कड गेली. मग 'ळू' पुसट झालं. मग एक दिवस तिथे सुई आली आणि मला बोलायला काही सापडलं नाही. नुसती खरखर झाली. ती जागा आता बधिर आहे. तिथून सुई जाते तेव्हा मला कळतसुद्धा नाही.

घण्यालाही ते कळलं नाही. कारण तोवर त्याचे कान गेले होते. बोळे न घालता झांजांशेजारी काढलेली ती वर्षं आता अंगाशी आली. आधी पाखरांचे आवाज गेले, मग दाराची घंटा, मग बायकांचं बोलणं. बँडने दुसरा ड्रमर घेतला, निरोपाला मोठा हार घातला आणि विषय संपवला. तो घरी बसू लागला. समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायचं, हे त्याने आपलं आपण शिकून घेतलं. मला मात्र तो लावतच राहिला. कान स्पीकरच्या खोक्याला चिकटवून बसायचा, आवाज वाढवायचा. शेजारी भिंत ठोकायचे, तेही त्याला ऐकू यायचं नाही.

त्याला तो शब्द ऐकू येईना. आणि त्याला एकाच गोष्टीचा घोर लागला. आपले कान गेले म्हणून शब्द ऐकू येत नाही, की शब्दच गेला? कान गेले असतील तर ताई अजून तिथे आहे. शब्द गेला असेल तर ती आता कुठेच नाही.

शेवटी त्याने भाचीला बोलावलं. ताईची लेक आता मोठी झाली होती. ती लोकांचे पियानो सुरात लावून द्यायची. तिच्या पिशवीत चाव्या, फेल्टच्या जाड कापडाचे तुकडे आणि एक छोटी हातोडी असायची. एका दुपारी कामावरून परतताना ती आली. त्याने तिला सगळं सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं. दुकानातली 'उसंत' तिला पाठ होती, पण त्यात त्या जागी नुसती शांतता आहे.

"मामा, आईचा आवाज आहे यात? आणि इतकी वर्षं मला सांगितलं नाहीस?" ती त्याच्याकडे तोंड करून म्हणाली. "माझ्याकडे तिचा आवाज कुठेच नाही रे. फोटो आहेत नुसते."

"शब्द दिला होता तिला."

"घराबाहेर जाऊ देणार नाही असा ना? मी काय घराबाहेरची?"

 हे घण्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग म्हणाला, "चुकलं गं. आता तू ऐक. तुझे कान कामाचे आहेत. आणि मला खरं काय ते सांग."

ती माझ्याशेजारी बसली. तिने दांड्यावरचा नट पाहिला.

"हा कशाला?"

"सुई उडते," तो म्हणाला. "मीच बसवलाय."

 तिने नट काढला आणि आपल्या पिशवीत टाकला. मला वाटतं, तिला तेव्हाच समजलं. तरी तिने हात पुसले, मला कडेने धरून प्लेअरच्या तबकावर ठेवलं आणि सुई टेकवली.

पियानो आला, तो अजून बरा येतो. ब्रश आले. ब्रशांचा वेग वाढला. ती पुढे झुकली. आयुष्यात पहिल्यांदाच माझी अशी इच्छा झाली की आपण जोर करावा. पण आमच्यात जोर करायला काही नसतं, जे कोरलेलं असतं तेच निघतं. ती जागा आली आणि खरखर झाली. मग ब्रश हळू पडले आणि तुकडा पुढे गेला.

तिने सुई मागे ठेवली आणि डोळे मिटून पुन्हा ऐकलं. पुन्हा खरखर. घण्या समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याचा पायसुद्धा हलत नव्हता. हाच पाय आधी थांबला असता तर, पण जाऊ द्या.

"आहे ना?" त्याने विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा हात दांड्यावर तसाच होता. मग तिने मान वर केली, तोंड त्याच्याकडे केलं आणि म्हणाली, "आहे."

"नीट आहे?"

"स्वच्छ आहे मामा. आत्ता म्हटल्यासारखं."

तो मागे टेकला. त्याने मोठा श्वास सोडला.

"म्हणजे माझे कानच गेले," तो म्हणाला.

"हो."

"चला. बरं झालं."

आणि तो हसला. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. आपण बहिरे झालो हे कळल्याचा इतका आनंद झालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. "कान काय, ते जायचेच होते," तो म्हणाला. "ताई सांगून दमली. पण ती आहे म्हणतेस ना, मग मिटलं." थोड्या वेळाने म्हणाला, "कशी म्हणते गं? मी विसरत चाललोय."

भाचीने सुई उचलून बाजूला ठेवली. "वाजव," ती म्हणाली. त्याला कळलं नाही तसं तिने टेबलावर थोपटून दाखवलं. "तो सातचा तुकडा. वाजव तू."

त्याने तळवे टेबलावर ठेवले आणि वाजवू लागला. आधी सावकाश, मग हात तापले आणि नेहमीच्या जागी तो पळाला. ती समोर बसली होती, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "हळू."

पहिलं अक्षर पटकन. दुसरं जरा लांबवून. लहानपणी पियानोवर बसवून आई तिला जसं म्हणायची तसंच. मित्रांनो, तो माझाच शब्द होता. तो माझ्यात किती काळ राहिला होता, मी ओळखणार नाही का? तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तो तिच्याकडे पहिल्यापासून होता आणि तिला ते माहीत नव्हतं.

घण्याचे हात सावरले. तो तिच्या ओठांकडे बघत सात मात्रा वाजवत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हात गुंतलेले होते म्हणून त्याने ते पुसलं नाही. मला काही वाटत नाही असं मी सुरुवातीला म्हटलं होतं. तेव्हा वाटलं. त्या बधिर जागीसुद्धा वाटलं.

नंतर तिने मला मऊ फडक्याने पुसलं आणि नव्या पाकिटात घातलं. "आता ही वाजवायची नाही," तिने त्याला बजावलं. "झिजली तर मग आपल्याकडे काय राहील?" तो लगेच कबूल झाला. तेव्हापासून मी वरच्या फळीवर आहे. भाची कामावरून जाता-येता डोकावते. चहा होतो, मग तो टेबल वाजवतो आणि तो पळाला की ती त्याच्या मनगटावर हात ठेवते. हल्ली तो मुद्दाम पळतो असा मला संशय आहे.

आम्ही वस्तू आपली कहाणी सांगतो तेव्हा शेवटी काहीतरी मागतो. पुसत जा, उन्हात ठेवू नका, अडगळीत टाकू नका. मला यातलं काही नको. धूळ बसली तरी चालेल. फक्त तुम्ही कधी त्या घरी गेलात तर तो तुम्हाला नक्की कौतुकाने माझं पाकीट दाखवेल, यात माझी ताई आहे म्हणेल, आणि विचारेल, आहे ना? तेव्हा त्याच्याकडे तोंड करा, आणि त्याला ओठ नीट दिसतील असं, सावकाश, 'आहे' म्हणा.